आरटीओएसवर संदेशांसाठी हलकी लायब्ररी कोणती घ्यावी? (शेतीपंपाचा कंट्रोलर)

पॅनेलवाला

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमचं छोटं युनिट आहे, शेतीपंपांचे स्टार्टर आणि पॅनेल करतो. आजवर मिस्ड कॉल आणि एसएमएसवर चालणारा मोबाइल स्टार्टर विकत आलो. त्याचं फर्मवेअर (चिपवरचा प्रोग्रॅम) म्हणजे एकच लांबलचक लूप, आणि ते चाललंही छान. नव्या बोर्डावर एसटीएम३२एफ४०७ ही चिप आहे (फ्लॅश १ एमबी, रॅम १९२ केबी), कॅट-१ चा एलटीई मॉडेम आहे आणि आरएस-४८५ वर मीटर. म्हणून फ्रीआरटीओएस घेतलं (आरटीओएस म्हणजे चिपवर वेगवेगळी कामं, म्हणजे टास्क, वेळेवर चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम). मीटर वाचायची टास्क वेगळी, मोटरच्या संरक्षणाची (ड्राय रन म्हणजे पाण्याविना चालणं, सिंगल फेजिंग म्हणजे फेज जाणं, आणि ओव्हरलोड) वेगळी, मॉडेमची वेगळी, डिस्प्ले-बटणांची वेगळी. दर मिनिटाला व्होल्टेज, करंट आणि मोटर चालू की बंद एवढं सर्व्हरला जायला हवं. उलट दिशेने शेतकऱ्याच्या मोबाइलवरून चालू-बंदचा हुकूम यायला हवा.

आता या टास्कांनी एकमेकींशी आणि सर्व्हरशी बोलायचं कसं? शोधत गेलो तर डोकं गरगरलं. एमक्यूटीटी, म्हणजे ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत संदेश पाठवायची पद्धत, तिचेच तीन क्लायंट सापडले (कोअरएमक्यूटीटी, पाहो एम्बेडेड आणि एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क लायब्ररीमधला), शिवाय कोॲप, झेनो-पिको, मायक्रो एक्सआरसीई-डीडीएस असे दुसरे पर्याय. आमच्याकडचा नवा पोरगा म्हणतो फ्रीआरटीओएस सोडा, झेफिर हे दुसरं आरटीओएस घ्या, त्यात टास्कांना आपसात बोलायला झेडबस आहे. हीप (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतली जाणारी मेमरी) जपून वापरायचाय, कारण हे खोकं एकदा शेतात बसलं की महिनोन्‌महिने त्याला कोणी हात लावत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

शून्य_वोल्ट

झीरोएमक्यू का नाही? कॉलेजच्या प्रोजेक्टला रास्पबेरी पायवर वापरलं होतं, चार ओळींत काम होतं. नॅनोमेसेज तर त्याहून हलकं आहे म्हणतात.

कावेरी_टी

@शून्य_वोल्ट, पायवर लिनक्स आहे, तिथे ते शोभतं. झीरोएमक्यू सी++ मध्ये आहे, मागे स्वतःचे थ्रेड चालवतं आणि संदेश साठवायला लागेल तसा हीप घेतं. मूळ सेटिंगमध्ये त्याची हाय वॉटर मार्क (रांगेची कमाल लांबी) १००० संदेशांची असते. १९२ केबीच्या चिपवर एवढी रांग लागली तर बाकी काही उरतच नाही. नॅनोमेसेज आणि त्यानंतरचं एनएनजी सी मध्ये आहेत खरे, पण त्यांनाही खाली पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लागते. नावातल्या नॅनोवर जाऊ नकोस.

@पॅनेलवाला दादा, तुमच्या धाग्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवा. चिपच्या आत टास्क एकमेकींशी बोलतात तो एक, चिपच्या बाहेर सर्व्हरशी बोलायचं तो दुसरा.

आतल्या बोलण्याला लायब्ररी लागतच नाही, फ्रीआरटीओएसची क्यू (संदेशांची रांग) पुरते. क्यूमध्ये संदेशाची प्रत जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याने आपलं व्हेरिएबल लगेच दुसऱ्या कामाला वापरलं तरी बिघडत नाही. २४ बाइटचा स्ट्रक्ट आणि १६ जागांची क्यू म्हणजे ३८४ बाइट, वर क्यूचं स्वतःचं थोडं. आवृत्ती ९ पासून क्यू आणि टास्क दोन्ही स्टॅटिक (मेमरी आधीच राखून) बनवता येतात, म्हणजे हीपचा प्रश्नच मिटला. मेमरी पुरणार की नाही ते लिंक करतानाच कळतं.

बाहेरच्या बोलण्यासाठी कुठलंही नाव घ्या, आधी दोन गोष्टी तपासा: मेमरी कोणाची आणि थांबतं कोण. म्हणजे लायब्ररी स्वतः मॅलॉक करते (हीपमधून मेमरी घेते) की बफर तुम्ही देता? आणि रेंज गेलेली असताना पब्लिश (संदेश पाठव) म्हटलं तर ते फंक्शन किती वेळ परत येत नाही, आणि तेवढ्या वेळात त्याने कुठला म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) धरून ठेवलेला असतो? फ्लॅश-रॅमचे आकडे पहिल्या पानावर ठळक छापलेले असतात. या दोन गोष्टींसाठी सोर्स उघडूनच बसावं लागतं.

माझ्या मते तुम्हाला कोअरएमक्यूटीटी बसेल. मॅलॉक नाही. बफर तुम्ही द्यायचा, पाठवायचं-घ्यायचं फंक्शन तुम्ही द्यायचं, घड्याळसुद्धा तुम्हीच द्यायचं. मात्र ती स्वतःहून काही करत नाही. प्रोसेस लूपचं फंक्शन वेळोवेळी तुम्हीच बोलवायचं, नाहीतर कीप-अलाइव्ह (लाइन चालू असल्याची खूण) जात नाही आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळ झाला की ब्रोकर लाइन तोडतो. दोन टास्कांमधून तिला थेट हाक मारायची नाही. तशी गरज असेल तर कोअरएमक्यूटीटी-एजंट आहे, तो एका टास्कमध्ये बसतो आणि बाकीच्यांचे हुकूम क्यूमधून घेतो.

पाहोमधला एमक्यूटीटीपॅकेट हा भाग फक्त पॅकेट बांधतो आणि सोडतो, बाकी सगळं तुमच्यावर. छोट्या चिपवर मला तो आवडतो, पण क्यूओएसची (संदेश पोचल्याच्या हमीची) नोंदवही तुम्हालाच लिहावी लागते. एलडब्ल्यूआयपीच्या क्लायंटचे कॉलबॅक टीसीपी-आयपीच्या थ्रेडमध्येच चालतात. कॉलबॅकमध्ये कोणी फ्लॅशवर लिहायला बसलं की सगळं नेटवर्क ताटकळतं. हात बसलेल्या माणसाने वापरावा.

एक्सआरसीई-डीडीएसला पलीकडे एजंट चालवावा लागतो, ते रोबोटवाल्यांचं काम आहे. झेनो-पिको चांगलं आहे पण तुमच्या सर्व्हरवाल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे एमक्यूटीटी ब्रोकर आधीच असणार.

निव्वळ_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). कावेरीताई, प्रतिसाद नाही, लेखच आहे हा.

जुना_ऑसिलोस्कोप

कावेरीच्या "थांबतं कोण" वरून एक जुनी गोष्ट आठवली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण सहसा अर्धीच सांगतात.

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच रीसेट व्हायला लागला. वर व्हीएक्सवर्क्स हे आरटीओएस होतं. हवामानाची नोंद घेणारी टास्क खालच्या प्राधान्याची. डेटा बसवरची माहिती वाटणारी टास्क वरच्या प्राधान्याची. हवामानवालीने एक सेमाफोर (कुलपासारखी सोय) धरला, तेवढ्यात मधल्या प्राधान्याच्या टास्कांनी तिला बाजूला सारलं, आणि वरची टास्क त्याच सेमाफोरसाठी खोळंबली. काम वेळेत झालं नाही हे दुसऱ्या टास्कने बघितलं आणि यंत्रणा रीसेट केली. प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणून वर्गात शिकवतात ते हेच.

राहिलेला अर्धा भाग असा की तो सेमाफोर हवामानाच्या टास्कच्या कोडमध्ये कुठे दिसतच नव्हता. ती टास्क पाइपमधून साधे संदेश पाठवत-घेत होती. सेमाफोर होता ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिलेक्ट या फंक्शनच्या पोटात, आणि तो बनवताना वेग राखायला प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्या टास्कला खोळंबलेल्या टास्कचं प्राधान्य तात्पुरतं देणं) बंद ठेवलेला. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या मंडळींनी इथे पृथ्वीवर तसाच संगणक चालवून तो प्रकार पुन्हा घडवून पाहिला आणि मग ती सोय चालू करणारा बदल वर पाठवला. रीसेट थांबले.

तर लायब्ररी घेतलीत की तिचा पोर्ट लेअर (तिला आरटीओएसशी जोडणारा कोड) उघडा. कुलूप लावायचं फंक्शन कशावर बांधलंय ते बघा. फ्रीआरटीओएसमध्ये म्यूटेक्सला इनहेरिटन्स असतं, बायनरी सेमाफोरला नसतं. हौशी मंडळींनी केलेल्या पोर्टमध्ये कुलपासाठी बायनरी सेमाफोर वापरलेला मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. महिनाभर काही होत नाही, आणि मग एक दिवस होतं.

बव्हेरियातला_बंड्या

काका, जबरी.

आता त्या "नव्या पोराची" बाजू घेतो, कारण मी इथे रोज झेफिरच वापरतो. झेडबस ३.३ पासून (२०२३) झेफिरमध्ये आहे. चॅनेल ठरवायचा, त्याचा स्ट्रक्ट ठरवायचा, कोणीही त्यावर लिहावं, ज्याला हवं त्याने ऐकावं. मीटरच्या टास्कला डिस्प्ले आहे की नाही हे माहीत असायची गरज उरत नाही. पाच टास्कांचे पंधरा झाले की क्यूंचं जाळं डोक्यात मावत नाही, तेव्हा याची किंमत कळते.

पण दोन खाचा आहेत. लिसनर प्रकारचा ऐकणारा हा पब्लिश करणाऱ्याच्याच थ्रेडमध्ये चालतो, म्हणजे ऐकणाऱ्याने रेंगाळलं तर सांगणारा अडकतो. आणि सबस्क्रायबर प्रकारात संदेश येत नाही, "चॅनेल बदलला" एवढी वर्दी येते; तुम्ही वाचायला जाईपर्यंत दुसरं कोणी लिहून गेलं असेल तर मधला संदेश गेला. व्होल्टेजसाठी हे उत्तमच, ताजा आकडा मिळाला की झालं. "ड्राय रनने मोटर ट्रिप झाली" अशा घटनेसाठी मात्र हे चालणार नाही. तिथे मेसेज सबस्क्रायबर वापरायचा (३.५ पासून), त्यात प्रत मिळते, पण मग त्या प्रतींसाठी बफरचा साठा बाजूला ठेवावा लागतो. कावेरीची "मेमरी कोणाची" इथेही आलीच.

कावेरी_टी

बंड्या, झेडबसशी भांडण नाहीये. पण चार टास्कांच्या खोक्यासाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची? डिव्हाइस ट्री, के-कॉन्फिग, नवं बिल्ड. दादांकडे फर्मवेअरला माणसं किती असतील?

पॅनेलवाला

दीड. मी अर्धा.

बव्हेरियातला_बंड्या

मग फ्रीआरटीओएसवरच राहा.

शून्य_वोल्ट

आणि कोॲप? चार बाइटचं हेडर, यूडीपीवर चालतं, टीसीपीची भानगडच नाही. एमक्यूटीटीपेक्षा हलकं ना?

कावेरी_टी

हलकं आहे. २०१४ चं आरएफसी ७२५२ वाच, सोप्या भाषेत आहे. सेन्सर झोपतो, उठतो, आकडा टाकतो, परत झोपतो अशा कामाला कोॲप झकास. इथे अडचण उलट्या दिशेची आहे. मोबाइल कंपनीच्या नॅटमागे (अनेकांना एकच सार्वजनिक पत्ता देणारी यंत्रणा) बसलेल्या खोक्याला बाहेरून हाक मारायची तर ती वाट उघडी ठेवावी लागते, आणि यूडीपीची वाट नॅट लवकर बंद करतं. मग दर थोड्या वेळाने काहीतरी पाठवत राहा. शिवाय कोॲपची मूळ पोच-मुदत २ सेकंदांची आहे. रेंज बारीक असली की उत्तर यायच्या आत तोच संदेश पुन्हा जातो. आकडे बदलता येतात, पण मग हे सगळं सांभाळायला बसणार कोण? दादांच्या खोक्याला वीज आहे, बॅटरीची काटकसर नाही. टीसीपीवर एमक्यूटीटी ठीक.

विहीर_मोटर_आणि_मी

मी फर्मवेअरवाला नाही, सर्व्हरची कामं करतो, आणि गावाकडे दहा एचपीची मोटर आहे. लायब्ररीवर चर्चा चाललीय ती चालू द्या, पण माझ्या मते खरा धोका पुढे आहे.

समजा, शेतकऱ्याने दुपारी मोबाइलवर "चालू" दाबलं. लाइट नाही, खोकं बंद. क्लीन सेशन (दर जोडणीला मागचं विसरून सुरुवात) बंद ठेवलेलं असेल आणि क्यूओएस १ (निदान एकदा पोचवायची हमी) असेल तर ब्रोकर तो हुकूम जपून ठेवतो. शेतकऱ्याला वाटतं झालं नाही, तो पुन्हा दाबतो. मग चिडून "बंद" दाबतो, पुन्हा "चालू". रात्री थ्री फेज येते, खोकं जागं होतं आणि ब्रोकर इमानदारीने सगळे हुकूम ओळीने देतो. चालू, चालू, बंद, चालू. काँटॅक्टर खटखट करतो आणि मोटर सुरू राहते. तेव्हा विहिरीवर कोणी मोटर काढायला उतरलेलं असेल तर?

रिटेन फ्लॅग (शेवटचा संदेश ब्रोकरने जपून ठेवावा अशी खूण) लावलेला हुकूम तर याहून वाईट, तो प्रत्येक वेळी सबस्क्राइब केलं की परत मिळतो. वर्षभरापूर्वी दाबलेलं "चालू" सुद्धा.

म्हणून हुकुमाला रिटेन कधीच नको. हुकुमात "कधी दिला" आणि "कधीपर्यंत चालेल" हे दोन्ही असावं, आणि मुदत उलटलेला हुकूम खोक्याने फेकून द्यावा. एमक्यूटीटी ५ मध्ये मेसेज एक्स्पायरी आहे, ती ब्रोकरवरच जुना संदेश टाकून देते. ३.१.१ वर असाल तर वेळ पेलोडमध्ये (संदेशाच्या आतल्या माहितीत) घाला. आणि "उलटं कर" असा टॉगल हुकूम ठेवूच नका. क्यूओएस १ मध्ये तोच संदेश दोनदा येऊ शकतो, हे नियमातच आहे. दोनदा "चालू" आलं तर काही बिघडत नाही, दोनदा "उलटं कर" आलं तर बिघडतं.

जुना_ऑसिलोस्कोप

+१. हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं.

पॅनेलवाला

बाप रे. दाबादाबी अगदी अशीच चालते, गिऱ्हाईक तसंच करतं. क्लीन सेशन चालूच ठेवतो आणि हुकुमाला ९० सेकंदांची मुदत घालतो. घड्याळ मॉडेमकडून मिळतं. घड्याळ लागायच्या आत हुकूम आला तर घ्यायचाच नाही असं करतोय.

दुसरं, पेलोड. पोरगा म्हणतो जेसन (मजकुराच्या रूपातली मांडणी) सोडून सीबॉर (तीच मांडणी थोडक्या बाइटांत) करू, डेटा निम्मा होईल. खरंच?

कावेरी_टी

मोजूनच बघू या. व्होल्टेज ४१५, करंट १२.४ अँपिअर (१२४ असा पूर्णांक पाठवायचा), मोटर चालू. एक-दोन अक्षरी नावं देऊन, जागा न सोडता जेसन लिहिलं तर २४ बाइट. सीबॉरमध्ये नावांऐवजी १, २, ३ असे आकडे ठेवले तर १० बाइट. पेलोड निम्म्याहून कमी झाला, इथवर पोराचं खरं.

पण तारेवर पेलोड एकटा जात नाही. तुमचा टॉपिक (संदेशावरचा पत्ता) केवढा आहे? जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर असं लिहिलंत तर ४० बाइट सहज होतात. क्यूओएस १ च्या पब्लिशला टॉपिक धरून ४६ बाइट लागले. एन्क्रिप्शनला टीएलएस १.२ वर एईएस-जीसीएम असेल तर रेकॉर्डमागे २९. टीसीपी आणि आयपीचे ४०. जेसनवाला संदेश १३९ बाइट, सीबॉरवाला १२५. दहा टक्के वाचले.

आता टॉपिक सहा बाइटांचा करा: एक अक्षर, एक तिरकी रेघ, चार आकडी नंबर. गाव-तालुका सर्व्हरच्या तक्त्यात राहू द्या. जेसन तसंच ठेवूनही संदेश १०५ बाइटांवर येतो, सीबॉर केलं तर ९१. म्हणजे टॉपिकने ३४ वाचवले, सीबॉरने १४. परतीची पोच टीएलएससकट ७३ बाइट धरा. दर मिनिटाला एक म्हणजे दिवसाचे १४४० संदेश. दोन्ही केलं तर महिन्याला ९ एमबीचे ७ एमबी होतात. एमक्यूटीटी ५ वर टॉपिक अलियासही (टॉपिकऐवजी छोटा आकडा) आहे, पण टॉपिकच छोटा असेल तर त्याची गरज पडत नाही.

सीबॉर करायचं तर दुसऱ्या कारणासाठी करा: चिपवर जेसन सोडवायला लागणारी मजकुराची खटपट वाचते. डेटा वाचवायचा असेल तर आकडा बदलला तरच पाठवा.

आणि रॅम खरी कुठे जाते ते सांगते. एमबेडटीएलएस या टीएलएस लायब्ररीच्या मूळ सेटिंगमध्ये येणारा बफर १६ केबी, जाणारा १६ केबी. एमक्यूटीटी क्लायंट त्यापुढे किरकोळ. जाणारा बफर २ केबी करा, तुम्ही मोठं काही पाठवतच नाही. येणारा कमी करताना मात्र सर्व्हरच्या सर्टिफिकेटची साखळी त्यात मावतेय ना ते बघा, नाहीतर हँडशेकच (टीएलएस जोडणीची सुरुवातीची बोलणी) होत नाही आणि एरर बघून काही उमगत नाही.

बव्हेरियातला_बंड्या

एफ४०७ च्या १९२ मधली ६४ केबी सीसीएम नावाची वेगळी रॅम आहे, तिथे डीएमए (प्रोसेसरविना डेटा हलवणारं हार्डवेअर) पोचत नाही. टास्कचे स्टॅक तिथे टाकायचा मोह होतो, आणि मग कोणीतरी स्टॅकवरचा लोकल ॲरे मॉडेमच्या यूएआरटीच्या (सीरियल पोर्टच्या) डीएमएला देतो. डेटा जात नाही आणि कंपायलरही काही बोलत नाही. डीएमएचे बफर ग्लोबल ठेवा, नेहमीच्या रॅममध्ये.

विहीर_मोटर_आणि_मी

एक राहिलं. फीडरला लाइट आली की गावातली सगळी खोकी एकदम जागी होणार आणि एकदम ब्रोकरवर धडकणार, प्रत्येकाचा टीएलएस हँडशेक. ऑटो स्विचवाल्या मोटरी लाइट आल्या आल्या एकदम सुरू होऊन डीपीचे हाल करतात ना, तीच गत सर्व्हरची. जोडणीच्या आधी प्रत्येक खोक्याने यादृच्छिक वेळ थांबावं, जमलं नाही तर ती वेळ वाढवत न्यावी.

कावेरी_टी

फ्रीआरटीओएसच्या लायब्ररींमध्ये बॅकऑफ अल्गोरिदम नावाने हेच आहे, इवलंसं. रँडम आकडा एफ४०७ च्या हार्डवेअर आरएनजीकडून घ्या. टिक काउंट (सुरू झाल्यापासूनचे घड्याळाचे ठोके) वापरलात तर सगळी खोकी एकाच क्षणी सुरू झालेली असल्यामुळे सगळ्यांना तोच आकडा येईल.

पॅनेलवाला

मंडळी, मनापासून आभार. ठरलं ते असं: फ्रीआरटीओएस, आत क्यू, बाहेर कोअरएमक्यूटीटी एकाच मॉडेम टास्कमध्ये, एलडब्ल्यूआयपी मॉडेमच्या पीपीपी जोडणीवर, टॉपिक छोटा. जेसन तूर्तास राहू दे, सर्व्हरवाल्याला डोळ्यांनी वाचता येतं.

एक शंका. कमी-जास्त लांबीच्या संदेशांसाठी फ्रीआरटीओएसचा मेसेज बफर चांगला वाटतोय. मीटर आणि संरक्षण दोन्ही टास्कांनी त्यात लिहिलं आणि मॉडेम टास्कने वाचलं तर?

कावेरी_टी

नको. मेसेज बफर एक लिहिणारा आणि एक वाचणारा असं धरूनच बनवलाय. दोन लिहिणारे आले तर कुलूप तुम्हालाच लावावं लागेल. तुमचे संदेश ठरावीक मापाचे आहेत, साधी क्यू घ्या. आणि यूएआरटीच्या इंटरप्टमधून क्यूत टाकायचं असेल तर फ्रॉम-आयएसआर वालंच (इंटरप्टसाठी बनवलेलं) फंक्शन, शिवाय त्या इंटरप्टचं प्राधान्य कॉन्फिगमधल्या मर्यादेच्या आत. एनव्हीआयसीत (चिपच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) ते ० राहून गेलं की गडबड, कारण कॉर्टेक्स-एम मध्ये ० म्हणजे सगळ्यात वरचं.

जुना_ऑसिलोस्कोप

आणि संरक्षणाची टास्क क्यूत टाकताना किती थांबते? क्यू भरलेली असेल तर? मॉडेम टास्क हँडशेकमध्ये अडकली असेल तेव्हा क्यू भरणारच.

पॅनेलवाला

शून्य टिक, काका. जागा नसेल तर संदेश टाकून द्यायचा आणि पुढे जायचं. काँटॅक्टर सोडायचं काम त्याच्या आधीच झालेलं असतं. शेवटच्या ट्रिपचं कारण आणि वेळ वेगळ्या व्हेरिएबलमध्ये राहते, जोडणी झाली की ते आधी जातं. किती संदेश टाकले त्याचा काउंटर ठेवलाय, तोही दर मिनिटाच्या संदेशात एक जास्तीचं फील्ड म्हणून घालतोय.

जुना_ऑसिलोस्कोप

मग तो काउंटर वॉचडॉगच्या (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणाऱ्या टायमरच्या) रीसेटनंतरही टिकेल असा नो-इनिट भागात (सुरू होताना न पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये) ठेवा. आणि शेजारी रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टरही पाठवा, सुरू झाल्या झाल्या वाचून, फ्लॅग पुसायच्या आधी.